कॉम्प्युटरमध्ये जागा नाही

मंगळवारी सकाळी नकाशेवाल्यांच्या कॉम्प्युटरने हात टेकले. शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा सेव्ह करायला गेले, तर पडद्यावर पाटी: जागा शिल्लक नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी भाची फोनवर म्हणाली, "मामा, बाहेरची हार्ड डिस्क जोडा, सगळं तिच्यावर उतरवा आणि मग इकडचं पुसून टाका. सोपं आहे."

दुकानातून त्यांनी मधल्या आकाराची डिस्क आणली. वायर जोडली. पडद्यावर आलं, नऊ तास. मग चार. मग एकदम अकरा. नकाशेवाले हिरव्या पट्टीवर डोळे लावून बसून राहिले. भर दुपारी पट्टी जागच्या जागी थिजली. नवी कोरी डिस्कही भरली होती!

शेवटी संध्याकाळी हातातलं काम टाकून भाचीच आली. दोन बटणं दाबून म्हणाली, "मामा, नकाशे तर एवढेसेच आहेत. हे 'किरकोळ' नावाचं फोल्डर कसलं? सगळी जागा त्यानंच खाल्लीय."

"ते राहू दे. कामाचं आहे."

तोवर तिने ते उघडलंही. पडद्यावर मामी अवतरली. लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन तिला आठ महिने झाले होते. रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर बोलायची आणि नकाशेवाले रोज सांगायचे, "माझं उत्तम चाललंय. तू सावकाश ये."

"अहो, गॅस बंद केलात का?" पडद्यावरची मामी कडाडली. "आणि ओला टॉवेल पलंगावर टाकू नका!"

नकाशेवाले निमूटपणे उठले आणि पलंगावरचा टॉवेल उचलून आले. भाची बघतच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. कॉम्प्युटरवर नवरा सापडेना, म्हणून खऱ्या मामीने फोन लावला होता.

"घरात कोण बाई बोलतेय?"

"कुणी नाही गं! म्हणजे... तूच आहेस."

"मी इथे आहे!"

भाचीने फोन ओढून घेतला. "मामी, तुमचं रोजचं बोलणं मामांनी रेकॉर्ड करून ठेवलंय. दोनशे एकेचाळीस फाइली! दोन डिस्क भरल्या."

नकाशेवाल्यांनी फोन परत कानाला लावला.

"आणि मला सांगत होतात, सावकाश ये?"

"बाळाला तू हवी होतीस. मधूनच कसं बोलावणार?"

नाक ओढल्याचा आवाज आला. "मलाही करमत नाही हो तुमच्याशिवाय."

बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते धडपडत उठले. "थांब, थांब! अगं भाचीबाई, फोनवर रेकॉर्ड कसं करतात? लवकर सांग! हं, आता पुन्हा म्हण!"

"मुळीच नाही," बायको म्हणाली. "रविवारच्या विमानाने येतेय. समोर बसा आणि कानांनी ऐका."