खुर्चीमागची गळती

कारखान्यातल्या सगळ्या गळत्या हवालदाराने बुजवून घेतल्या होत्या. फक्त स्वतःच्या खुर्चीमागची तेवढी मुद्दाम ठेवली होती, आणि हे त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

हवालदार म्हणजे पोलिसातला नव्हे. तो कॉम्प्रेसरची खोली बघायचा, हवा सांभाळायचा, म्हणून लोकांनीच त्याला ही बढती परस्पर देऊन टाकली होती. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, दाबून टाकीत कोंबतो आणि तिथून ती पाइपातून मशीनपर्यंत जाते. वाटेत ती पळून जाऊ नये, एवढं हवालदाराने बघायचं. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून तो जॉइंट न् जॉइंट माखायचा आणि बुडबुडा दिसला की फिटरला हाक मारायचा. खुर्चीमागच्या जॉइंटला मात्र त्याने कधी ब्रश लावला नाही. तिथून येणारा बारीक सूं आवाज थेट घरच्या ऑक्सिजनच्या मशीनसारखा होता. बायको आजारी होती तेव्हा तो रात्री अर्धवट जागा व्हायचा, तो आवाज ऐकायचा आणि ती आहे म्हणून पुन्हा झोपायचा. मग ती गेली. मशीन भाड्याचं होतं, तेही गेलं. आता घरात इतकी शांतता असायची की घास घशाखाली उतरत नसे. दुपारी खुर्चीत बसून, डोळे मिटून, त्या आवाजाच्या सोबतीने तो कसाबसा डबा संपवायचा.

सगळं ठीक चाललं होतं, पण नवे साहेब आले आणि त्यांनी टाकीच्या काट्याकडे पाहिलं. मशीन बंद असतानाही काटा उतरत होता. हवा कुठेतरी गळते आहे, कॉम्प्रेसरला उसंत नाही, असाच राबला तर एक दिवस कायमचा बसेल, असं साहेबांनी सांगितलं आणि गळती शोधायचं काम अर्थातच हवालदाराला दिलं. हवालदाराने मोठ्या निष्ठेने शिडी लावून कारखान्याचं पार दुसरं टोक तपासलं. मग धीर सुटून त्याने खुर्चीमागच्या जॉइंटला फडकं गुंडाळलं. त्याबरोबर तिथून अशी सणसणीत शिट्टी निघाली, की सुटी झाली समजून दोन कामगार हात धुऊन डबा उघडून बसले. फडकं काढावं लागलं.

साहेबांचा राग फिटरवर निघाला. जॉइंट त्याचे, तेव्हा ढिलाईही त्याचीच. फिटर हवालदाराचा अर्ध्या आयुष्याचा मित्र. त्याला वाचवायला हवालदाराने एका निर्दोष रबरी नळीवर आळ घेतला. फिटरने नळी बदलली, काटा उतरतच राहिला आणि फिटरने दुसऱ्यांदा बोलणी खाल्ली. त्यानंतर तो हवालदाराशीही धड बोलेना.

शेवटी साहेबांनी दोघांना साप्ताहिक सुटीच्या दिवशी बोलावलं. टाकी भरून कॉम्प्रेसर बंद केला, आणि आता कानांनीच शोधू म्हणाले. कारखाना कधी नव्हे इतका चिडीचूप झाला. खुर्चीमागून आवाज आला, सूं. हवालदार खोकला. त्याने खुर्ची सरकवली, फार उकडतंय अशी तक्रार केली, आणि साहेब वळताच हात मागे नेऊन तळवा जॉइंटवर दाबला.

फिटरने त्याचं मनगट धरून हिसका दिला. "नव्या माणसाला पहिल्याच दिवशी काय सांगतोस तू? दाबलेली हवा कातडीतून आत शिरते, हात जातो, जीवही जातो. आणि स्वतः हे काय करतोयस?"

हवालदाराने खाली बघत सांगितलं, "हा आवाज असला ना, की वाटतं ती झोपलीय पलीकडे."

फिटरने मनगट सोडलं आणि पाना हातात फिरवत विचारलं,

"वहिनींचं मशीन कोणी बंद केलं होतं रे?"

"मेहुण्यानं. मी औषध आणायला गेलो होतो. आलो तर घर गप्प."

"मग हा व्हॉल्व्ह तू बंद कर. आधी लाइन बंद, मग आतली हवा सोडायची, मगच पाना लावायचा. मी आहे इथं."

हवालदाराने व्हॉल्व्ह फिरवला. उरलेली हवा सोडली. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि थांबला. तो उभ्या उभ्या रडला. मग फिटरने जॉइंट खोलून नवी टेप गुंडाळली आणि घट्ट आवळला.

तिघांनी काट्याकडे पाहिलं. काटा आधीच्याच वेगाने उतरत होता.

तेवढ्यात दारातून वॉचमन म्हणाला, "साहेब, मागच्या गटाराला उकळी फुटलीय. रोजच असते म्हणा, पण मला वाटायचं तुमचंच काही काम चालू असेल."

दाबलेल्या हवेतल्या बाष्पाचं पाणी टाकीच्या तळाशी साचतं, ते काढायचा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता आणि हवा तिथूनच पळत होती. फरशी ओली होऊ नये म्हणून त्याची नळी भिंतीतून थेट गटारात सोडलेली होती, आणि हे सुबक काम फिटरचं होतं. साहेबांनी फिटरकडे पाहिलं. फिटर छताकडे बघू लागला.

साहेब ओशाळून हवालदाराला म्हणाले, "काका, तुमच्या एवढ्याशा गळतीनं काही बिघडत नव्हतं. आधी कळलं असतं तर राहू दिली असती काही दिवस."

हवालदाराने बाहीने डोळे पुसले. "नाही कळलं तेच बरं झालं, साहेब. माझ्या हातून ती कधी बंदच झाली नसती."

आणि फिटरचा पाना उचलून तो त्याच्या मागोमाग गटाराकडे निघाला.