आधी तुमी घ्या

मोर्शीहून निघालेली गाडी अमरावतीत शिरली तेव्हा महादेवरावांनी घरच्यांना शेवटची तंबी दिली.

"आयका. पोरीवाल्यायचा घास तोंडात गेल्याशिवाय आपल्यापैकी कोनी ताटाले हात लावाचा नाई."

पियुष गाडी चालवत होता. "बाबा, तिथं ताट नसते. प्लेट असते."

"मंग प्लेटले लावाचा नाई."

मागच्या सीटवर वच्छलाबाई पदर सावरून बसल्या होत्या. नवऱ्याच्या या भीतीचं कारण त्यांना माहीत होतं. फार वर्षांपूर्वी महादेवरावांच्या धाकट्या भावाने स्वतःच्याच बैठकीत पाहुण्यांच्या आधी लाडू उचलला होता. मुलीकडच्यांनी चहा घेतला, संत्र्याचा बगीचा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की घर भुकाळ दिसते. भावाचं पुढे चांगलं लग्न झालं, मुलंबाळं झाली. पण भुकाळ हा शब्द घराला चिकटला तो चिकटलाच. आज पियुषच्या सोयरिकीची पहिली बैठक होती आणि महादेवरावांना तो शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता.

"आन आजूक एक," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या शुगरचं नाव काढू नका. पयल्याच दिवशी बिमारी सांगाची नसते."

त्याच वेळी अकोटाहून निघालेल्या दुसऱ्या गाडीत मुलीचे वडील शेषरावही घरच्यांना तेच बजावत होते. फक्त त्यांचं कारण वेगळं होतं.

"आपन पोरीवाले हाओ. पाहुन्यायचं झाल्याशिवाय आपन जेवत नसतो."

"बाबा, हॉटेल आहे ते," रागिणी म्हणाली. "तिथं सगळे संगच जेवतात."

"जेवत असतीन. आपन नाई जेवत."

पियुष आणि रागिणी अमरावतीच्या राजापेठेतल्या एकाच ट्यूशन क्लासमध्ये शिकवत. तो गणित, ती रसायनशास्त्र. दोघांनी एकमेकांना पसंत करून वर्ष झालं होतं, पण दोन्ही घरांची गाठ पडत नव्हती. मोर्शीकर म्हणत, आधी तुम्ही आमच्याकडे या. अकोटकर म्हणत, हे शोभत नाही, आधी तुम्ही आमच्याकडे या. शेवटी पियुषने तोड काढली. अमरावतीत नवीन, मोठं, पांढऱ्या टेबलक्लॉथचं इटालियन रेस्टॉरंट उघडलं होतं. तिथे बसायचं. ते कोणाचंच घर नाही, म्हणजे कोणीच यजमान नाही आणि कोणीच पाहुणा नाही. गणिताच्या मास्तराला हे उत्तर बरोबर वाटलं. कोणीच यजमान नसलं की दोघंही यजमान होतात, हे काही त्याच्या गणितात बसलं नव्हतं.

पहिली अडचण दारातच आली. दरवान बुधाजीने काचेच्या दाराची एक झडप उघडून धरली.

"चला, भाऊसाहेब. आधी तुमी," महादेवराव म्हणाले.

"छे छे. आधी तुमी," शेषराव म्हणाले.

"तुमी लांबून आले."

"तुमी मोठे हा."

बायका आणि मुलं बाजूने अंग चोरून आत गेली, बसली, पाणीही आलं. हे दोघं अजून दारातच. आतला गारवा भराभर रस्त्यावर जात होता.

"साहेब," बुधाजी अदबीने म्हणाला, "एसी बाहेर चाल्ला."

हे ऐकून दोघंही एकदम निघाले आणि खांद्याला खांदा लागून दारात अडकले.

आत गेल्यावर महादेवराव हात धुवायला गेले आणि कोणी पाहत नाही असं बघून शुगरची गोळी तोंडात टाकली. गोळी घेतली की लगेच जेवायचं, असं डॉक्टरने सांगितलेलं होतं. बाहेर पडताना शेषराव आत येताना भेटले. शेषरावांचीही एक मूठ बंद होती. त्यांनी ती झटकन खिशात घातली. महादेवरावांनी औषधाचं पाकीट धोतराच्या सोग्यात दडवलं. दोघं एकमेकांकडे पाहून उगाच हसले.

वेटरचं नाव कुलदीप. काळं जाकीट, हातावर पांढरा रुमाल. मुलांनी जेवण सांगितलं. आधी गार्लिक ब्रेड आला. लोण्याचा आणि लसणाचा असा वास सुटला की वच्छलाबाईंनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

"घ्या, भाऊसाहेब," महादेवराव म्हणाले.

"तुमी घ्या ना. आमचं काय, घरचंच हाय."

"घरचं कसं, बोलावलं तं आमी."

"पोरीवाले आमी हाओ."

रागिणीने एक तुकडा उचलला. शेषराव खोकले. तिने तो ठेवून दिला.

सूप आलं. सूपवर साय धरली. कुलदीप दोनदा टेबलाला फेरी मारून गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

"सर, काही कमी आहे का?"

"काहीच कमी नाई. लय चांगलं हाय," महादेवराव म्हणाले.

"मग घेत का नाही, सर?"

"घेतीन ना हे," असं म्हणून महादेवरावांनी शेषरावांकडे बोट केलं. शेषरावांनी महादेवरावांकडे केलं.

कुलदीपला शिकवलेलं होतं की पाहुणा जेवत नसेल तर चूक आपली समजायची. त्याने थंड सूप उचललं आणि गरम आणून ठेवलं. तेही थंड झालं. मग पास्ता आला, पिझ्झा आला, रिझोतो नावाचा सैलसर भात आला. सहा माणसं मांडीवर हात ठेवून त्या सगळ्याकडे बघत बसली, जणू नैवेद्य दाखवून झाला आहे आणि आता देवाने सुरुवात करायची आहे.

आता शेजारच्या टेबलांचंही लक्ष गेलं. पलीकडे एक जाडजूड बाई मजेत पिझ्झा खात होत्या. त्यांनी या टेबलाकडे पाहिलं, आपल्या घासाकडे पाहिलं आणि कुलदीपला बोलावलं.

"काहून रे बाप्पा, त्यायच्या जेवनात काही निंघालं काय?"

"नाही मॅडम, तसं काही नाही."

"मंग थे खाऊन काहून नाई राहिले?"

कुलदीप हातावरचा रुमाल नीट करू लागला. बाईंनी घास प्लेटमध्ये ठेवला. त्यांचं पाहून त्यांच्या मागच्या टेबलाने चमचे ठेवले. कोपऱ्यातल्या एका जोडप्याने तर पास्ता उलटापालटा करून तपासायला घेतला. बघता बघता सगळ्या रेस्टॉरंटमध्ये कोणीच जेवेनासं झालं. मॅनेजर धावत आला. त्याच्या मागून उंच पांढरी टोपी घातलेला शेफ आला आणि हात बांधून टेबलाशी उभा राहिला. त्याचा चेहरा निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा झाला होता.

"आमचं काही चुकलं का?" मॅनेजरने विचारलं.

"तुमचं काईच नाई चुकलं," शेषराव म्हणाले. "तुमी जेवले काय?"

आता मात्र पियुषला राहवेना. त्याने खुर्ची मागे सारली. "बाबा, काका, ऐका माझं. मी एक-दोन-तीन म्हणतो. तीन म्हटलं की दोघांनी बरोबरच घास घ्यायचा. म्हणजे कोणीच आधी नाही, कोणीच मागून नाही."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दोघांनी काटे हातात घेतले, कष्टाने पास्ता गुंडाळला.

"एक. दोन. तीन."

दोन्ही काटे वर गेले आणि तोंडाशी जाऊन थांबले. समोरच्याचा घास खरंच आत जातो की नाही, हे बघायला दोघंही थांबले होते. सगळं रेस्टॉरंट श्वास रोखून बघत होतं. पास्ता हळूहळू काट्यावरून सुटला आणि प्लेटमध्ये पडला. आधी शेषरावांचा, मग महादेवरावांचा.

"इथं तं तुमी आधी झाले," महादेवराव म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. काटा धरलेला हात थरथरत होता आणि त्या एवढ्या गारव्यात कपाळावर घाम आला होता.

वच्छलाबाईंनी ते पाहिलं आणि ओळखलं. पोटात गोळी गेलेली, अन्न नाही. बोलावं तर बिमारी उघडी पडते आणि पोराची सोयरीक हातची जाते. न बोलावं तर माणूस इथेच खुर्चीवरून खाली येतो. त्यांनी पदर मुठीत आवळून पियुषकडे पाहिलं. तो पिझ्झ्याकडे पाहत होता.

ते आणखी एका बाईने ओळखलं. ती रागिणीची आई, चंदाबाई. त्या उठल्या, पर्समधून स्टीलची छोटी डबी काढली आणि टेबलाला वळसा घालून महादेवरावांपाशी आल्या.

"भाऊ, तोंड उघडा."

"आधी तुमच्या..."

"भाऊ, तोंड उघडा म्हनलं ना मी."

महादेवरावांनी तोंड उघडलं. चंदाबाईंनी खडीसाखरेचा मोठा खडा आत टाकला.

"चावा. बोलू नका. आमच्या यायचंबी असंच होते."

शेषराव दचकले. "अवो, तू काय सांगून राहिली."

"खरं थेच सांगून राहिली. शुगर हाय तुमाले. आताही गोळी घेऊन उपाशी बसले हा. ही डबी मी कायले फिरवतो मंग, पानसुपारीले?"

शेषरावांनी मान खाली घातली. अकोटाहून येताना बिमारीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनीच चंदाबाईंना बजावलं होतं.

वच्छलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चंदाबाईंच्या हातातून डबी घेतली, एक खडा उचलला आणि सरळ शेषरावांसमोर धरला. "भाऊ, आता तुमी. लाजू नका."

थोडा वेळ त्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये दोन माणसांचे खडीसाखर चावल्याचे आवाज तेवढे येत होते. महादेवरावांचा घाम ओसरला. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यांचं चावणं थांबलं.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आपलं तोंड गोड झालं."

"झालं खरं."

"दोनी बाजूचं झालं. चार लोकाईसमोर."

दोन्हीकडची तोंडं गोड झाली की सोयरीक पक्की, हे दोघंही लहानपणापासून बघत आले होते. त्यातून मागे फिरायची वाट नसते.

"मी तं विचाराले आठ दिवस मांगनार होतो," शेषराव म्हणाले.

"मी पंधरा."

रागिणीने आणि पियुषने टेबलाखाली एकमेकांचा हात धरला.

पक्कं झाल्याशिवाय आमच्याकडे वऱ्हाडात कोणी कोणाला इवाई, म्हणजे व्याही, म्हणत नाही. महादेवरावांनी घसा साफ केला, पिझ्झ्याची ताटली पुढे सारली आणि म्हणाले, "घ्या, इवाई."

शेषरावांचा चेहरा फुलला. त्यांनी ताटली परत सारली. "आधी तुमी घ्या, इवाई."

"अहो इवाई, असं कसं..."

पण या वेळी त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दोन्ही इहिणी शेजारीशेजारी बसून पिझ्झा खात होत्या. शेफ अजून हात बांधून उभाच होता. त्याने चंदाबाईंना भीत भीत विचारलं, "कसं झालंय, मॅडम?"

"चांगलं हाय," चंदाबाई म्हणाल्या. "थंड हाय. सारंच गरम करून आना, बाबू. मानसं उपाशी हायेत."

ते ऐकून शेजारच्या जाडजूड बाईंनी आपला घास पुन्हा उचलला. मागच्या टेबलावर चमचे वाजू लागले. मॅनेजर जवळच्या खुर्चीवर बसला आणि कुलदीपने त्याला पाणी दिलं.

जेवण उरकायला खूप वेळ लागला. निघताना दोन्ही इवाई दाराशी आले आणि थांबले.

"चला, इवाई. आधी तुमी."

"असं कसं, इवाई. आधी..."

बुधाजी पुढे आला. त्याने खाली वाकून दाराच्या दुसऱ्या झडपेची कडी काढली आणि तीही उघडून धरली.