पाचवा जोड

परदेशात शिकायला येऊन दोनच महिने झाले होते, पण या समुद्रकाठच्या गावातलं एकेक दुकान मला तोंडपाठ! सुईपासून शिडाच्या दोरापर्यंत काय कुठे मिळतं, मला विचारा. त्यामुळे तोंडी परीक्षेला दोन तास अवकाश आहे म्हटल्यावर राहिलेलं एकच दुकान उरकायला निघालो.

दुकान लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंचं. आत नवाकोरा फिकट गालिचा! त्यावर बूट घालून पाय ठेवला असता, तर आईने तिकडून फोनवर कान धरला असता. दाराबाहेरच्या मांडणीवर चार जोड ओळीने ठेवलेले. ‘वा, वळण लागलेली माणसं दिसतात!’ म्हणत मी माझे पाचव्या जागी ठेवले. बाबांनी खास परीक्षेसाठी घेऊन दिलेले, काळे, आरशासारखे. डाव्याची नाडी तुटली म्हणून तेवढी चॉकलेटी.

आत रमलो. एक पितळी होकायंत्र असं न्याहाळलं, जणू बाहेर माझं गलबत खोळंबलंय! बाहेर येऊन बघतो तर मांडणीवर चारच जोड.

"मावशी, इथले माझे बूट?" मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं.

"तुझे? अरे, नको झालेल्या वस्तू ठेवायची मांडणी ती! एका टोपीवाल्यांनी नेलेसुद्धा."

"पण मी मोज्यांवर फिरतोय, दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की! म्हटलं, पायातलं काढून देणारा दानशूर आज प्रत्यक्ष पाहिला!"

परीक्षेला उरली पंचवीस मिनिटं. उरलेले चारही जोड लहान मुलांचे! शेजारच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात माझ्या मापाचं एकच पादत्राण निघालं. गुडघ्यापर्यंतचे पिवळेधमक गमबूट! फताक फताक करत धावलो.

परीक्षक सरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाहेर पूर आलाय का?"

"नाही सर."

मी ओशाळून मान खाली घातली आणि टेबलाखाली मला माझे बूट दिसले. डाव्याला चॉकलेटी नाडी! खुंटीवर टोपी!

"उत्तर खाली सापडतंय का?" सरांनी विचारलं.

"सर, बूट छान आहेत."

"आजच घेतले! असे बूट टाकून देणारा कोण महामूर्ख असेल हो?"

गुण त्यांच्या हातात, बूट त्यांच्या पायात.

पास झालो. आई फोनवर म्हणाली, "बूट लाभले बघ तुला!"

"हो ना. शेवटपर्यंत समोरच होते."

येत्या रविवारी सरांना खोलीवर चहाला बोलावलंय. आमच्याकडे बूट दाराबाहेर काढतात, हे दोनदा बजावलंय. आणि जाताना त्यांची गैरसोय नको, म्हणून पिवळे गमबूट धुऊन-पुसून दाराशी ठेवलेत.