व्याह्यांच्या पेटीतला सुरा

"मुलांना पुस्तकांतून दोस्त मिळवून देणं? माझ्या डाव्या हातचा मळ!" पावसच्या आमच्या वाचनालयात मी छाती फुगवून सांगितलं, आणि तिथंच माझे ग्रह फिरले!

मुंबईहून नुकतीच आलेली मनस्वी कोणाशी म्हणून बोलत नव्हती. शाळा सुटली की आमच्या कोपऱ्यात पुस्तकात तोंड खुपसून बसायची. जीव तुटायचा हो! मी बेत आखला. तिच्या आवडत्या रहस्यकथेच्या प्रती पालीच्या शाळेत पाठवायच्या. मुलांनी त्या वाचून रविवारी तिच्याशी गप्पा मारायला यायचं.

आमच्याकडे काहीही पाठवायचं तर आंब्याच्या पेटीतूनच. खाली पेंढा, वर पेंढा, चार खिळे ठोकले आणि पेटी श्यामच्या टेम्पोत चढवली. शेजारच्या गंगारामकाकांचीही पेटी त्यातच होती. लेकीचं लग्न ठरलेलं, म्हणून पालीच्या व्याह्यांना पहिला हापूस!

दुसऱ्या दिवशी काका ओरडतच आले.

"अरे मेल्या! व्याह्यांनी पाहुण्यांसमोर पेटी फोडली, तर पेंढ्यातून रक्ताळलेला सुरा निघाला! पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा असला म्हणून काय झालं? सोयरीक मोडली तर तुझ्या दारात बसेन!"

मी घाबरून शाळेत फोन लावला. गुरुजी आंब्याचा बाठा चोखतच बोलले, "पुस्तकं दिसली नाहीत, पण उपक्रम फार गोड हो! दरवर्षी राबवा!"

रविवारी पालीची मुलं आलीच नाहीत. पुस्तकच वाचलं नाही, तर येतील कशाला? मनस्वी दाराकडे डोळे लावून बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रिक्षातून काकांचे व्याही उतरले. हातात पुस्तक, सोबत नात वेदिका, मागून घामाघूम काका!

"हे पाठवलं कोणी?" व्याही गरजले.

"मी... आंबे आज संध्याकाळपर्यंत..."

"आंबे राहू देत हो! माळ्यानं खून केला, हे मला पटत नाही! कुणाशी तरी बोलायलाच हवं!"

"मलापण नाही पटत, आजोबा!" कोपऱ्यातून चक्क मनस्वी ओरडली. "मावशीनंच केलाय!"

"तरी मी सांगत होते!" म्हणत वेदिका तिच्या बाकावर जाऊन बसली.

तिघांची अशी काही जुंपली म्हणता! माझे डोळे भरून आले. एवढं सगळं माझ्यामुळे, मग मी गप्प कसा बसू? रहस्यकथा म्हटली की त्यात डॉक्टर असतोच, अशी माझी समजूत. मी ऐटीत म्हणालो, "मला तर पहिल्यापासून त्या डॉक्टरचाच संशय होता!"

तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"काका," मनस्वी मला म्हणाली, "यात डॉक्टर नाहीच आहे."

तिघं एकमेकांना टाळ्या देऊन हसत सुटली. मी मुकाट्यानं चहा सांगायला निघालो.