रसायनशास्त्रातली लग्नं

१९६८ साली मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या समजाबाई कायम व्हायला फक्त एक सही कमी होती. पाच वर्षं त्या हंगामी होत्या. सुट्टी लागली की नोकरी संपायची, शाळा उघडली की पुन्हा अर्ज. घरी अंथरुणाला खिळलेली आई रोज विचारायची, "झालीस का गं कायम?" यंदा कागद तयार होता. सही तेवढी संस्थेच्या अध्यक्षांची हवी होती.

समजाबाई हे नाव मुलींनीच ठेवलेलं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'समजा'नं सुरू होई. नववीच्या वर्गाला संयुजा म्हणजे काय, ते चार दिवस कळेना. पाचव्या दिवशी त्यांनी हताश होऊन खडू खाली ठेवला.

"समजा, हे सगळं लग्न आहे."

वर्ग खडबडून जागा झाला. सोडियमला एक हात, क्लोरीनलाही एकच. धरला हात, लागलं लग्न, झालं मीठ. हेलियम, निऑन ही मंडळी जन्माची ब्रह्मचारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एरवी भोपळा मिळवणाऱ्या मुलींनाही चाचणीत आठ-आठ गुण पडले. त्या संध्याकाळी समजाबाई गुणगुणत घरी गेल्या.

घोटाळा केला तो पाण्यानं.

"ऑक्सिजनला दोन हात," बाई रंगात येऊन म्हणाल्या, "म्हणून त्याला दोन बायका. दोन हायड्रोजन. आता मला सांगा, पाणी कधी स्वस्थ बसतं का?"

वर्ग खिदळला. तिसऱ्या बाकावरची एकच मुलगी हसली नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती अध्यक्षांची लेक, आणि अध्यक्षांना दोन बायका होत्या, समोरासमोरच्या दोन घरांत. बाईंना हे ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण त्या घटकेला त्या रसायनशास्त्रात होत्या.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. "अगं, जिभेला काही हाड?"

"मी ऑक्सिजनबद्दल बोलत होते हो."

"ऑक्सिजन कुणाला दिसतोय? अध्यक्ष दिसतात. उद्याच्या उद्या बदल ते!"

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "समजा, ऑक्सिजन ही आई आहे. दोन हातांना दोन लेकरं."

पहिल्या बाकावरून एक मुलगी उठली. हिला सगळी शाळा चौकशीखातं म्हणे. "बाई, मग कालच्या बायका कुठे गेल्या?"

"त्या... नव्हत्याच."

"आणि लेकरांचा बाप?"

"रसायनशास्त्रात बाप नसतो! खाली बस!"

हेही अध्यक्षांच्या घरी पोचलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः येऊन शेवटच्या बाकावर बसले, गुडघ्यांवर काठी आडवी ठेवून. धडा होता दुहेरी विस्थापनाचा.

मेले तरी लग्न लावायचं नाही, असं ठरवून बाईंनी पुस्तक उघडलं. "दोन संयुगांतील घटकांची परस्पर अदलाबदल होऊन दोन नवी संयुगे तयार होतात. कळलं?"

"नाही, बाई."

त्यांनी पुन्हा वाचलं. चाळीस चेहरे कोरेच. तेवढ्यात चौकशीखातं उठलं. "मी सांगू? सोप्पं आहे गं! दोन जोडपी भेटतात आणि बायका बदलून घेतात!"

"हां... असं होय!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"आणि पांढरा साका तळाशी बसतो," कुणीतरी भर घातली.

चाळीस मुलींना एकाच क्षणी विषय कळला, असं त्या शाळेत पूर्वी कधी घडलं नव्हतं. बाईंना मात्र साक्याबरोबर आपली नोकरीही तळाशी जाताना दिसत होती.

घंटा झाली. मुली गेल्या. अध्यक्ष हलले नाहीत.

"साहेब, माझं चुकलं, मी..."

अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, ते पाण्याचं. तो ऑक्सिजन दोघींना धरून असतो म्हणालात म्हणे. जमतं कसं हो त्याला?"

गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण प्रश्न विषयातला होता.

"जमत नाही, साहेब. पाण्याचा रेणू सरळ नसतो. मध्ये वाकलेला असतो."

अध्यक्ष काठी टेकत कमरेत वाकून उठले. "आयुष्यात पहिल्यांदा शास्त्र कळलं. सही करतो. फक्त घरी एकदा विचारतो."

"कुठल्या घरी?" बाईंच्या तोंडून निसटलं.

"तीच तर पंचाईत आहे."

थोरली म्हणाली, करून टाका. धाकटी म्हणाली, माझ्या लेकीला रडवलं तिनं, खबरदार सही कराल तर! अध्यक्षांनी कागद खणात ठेवला. बाईंना काढून टाकायलाही सहीच लागली असती. तीही त्यांनी केली नाही.

अकरा वर्षांनी अध्यक्ष वारले. कागद खणातच होता, नव्या अध्यक्षांनी तो खण उघडलाच नाही. त्यानंतर दोघी बायका एका घरात राहायला आल्या आणि शेवटपर्यंत गुण्यागोविंदानं राहिल्या. लेकीनं शास्त्र सोडून चित्रकला घेतली. चौकशीखातं वकील झालं, तेही काडीमोडाच्या खटल्यांचं. मुख्याध्यापिका हारतुरे घेऊन निवृत्त झाल्या. आई विचारत विचारतच गेली.

समजाबाई चोवीस वर्षं हंगामीच राहिल्या. हंगामी माणूस निवृत्त होत नाही, त्याला फक्त पुन्हा बोलावत नाहीत, असा नियम कारकुनानं काढून दाखवला. तेव्हा निरोपाचा समारंभही झाला नाही. त्या वर्षी शाळा उघडल्यावर आठ दिवस त्या सकाळी तयार होऊन, पायांत चपला घालून दाराशी बसून राहिल्या. नवव्या दिवशी त्यांनी चपला काढल्या आणि भांडी घासायला घेतली.