सुई आणि रूपेशचं लग्न

एकुलत्या एका भावाचं लग्न तोंडावर आलं आणि सापगावच्या पौर्णिमाला उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, आणि घटकेघटकेला मोरीकडे पळापळ. वर्षातली ही तिसरी खेप होती. आईबाप नव्हते, रूपेशला तिनेच वाढवलं होतं. वैशाखरे गावच्या मांडवात पहिल्या रांगेत बसून त्याचा मंगल परिणय डोळे भरून बघायचा, एवढीच तिची हौस होती.

सासूने, येसूबाईने, गोळ्यांचा डबा काढला. वाडीत औषध कुणी संपवायचंच नाही. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या जपून ठेवायच्या आणि शेजारीपाजारी विरजणासारख्या द्यायच्या. येसूबाईच्या गोळ्यांनी काही झालं नाही. शेजारच्या सरिताच्याही वाया गेल्या.

मग नवरा मुकेश शहापूरच्या एका मेडिकलात गेला. बायकोचं हे दुखणं चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून त्याने ते स्वतःच्या नावावर सांगितलं. दुकानदाराने गोळ्या दिल्या, वर आवाज बारीक करून वागणूक सुधारायचा उपदेशही केला. मुकेश कानकोंडा होऊन परतला. गोळ्यांनी जळजळ तसूभर हलली नाही, उलट पौर्णिमाला ताप भरला.

शेवटी ती दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, "तुमचे जंतू आता या गोळ्यांना दाद देत नाहीत. अर्धवट औषध घेतलं की चिवट जंतू तेवढे मागं राहतात, आणि मग तेच वाढतात."

येसूबाईला हे लगेच पटलं. "एवढ्या गोळ्या पचवल्या जंतूंनी, आता त्यांना काय व्हायचंय," ती म्हणाली.

आता फक्त सुई लागू पडणार होती, रोज सकाळी, एकही न चुकवता. थोड्या सुयांनी बरं वाटलं तशी सासू म्हणाली, "बास कर गो आता. बाकीच्या ऱ्हाऊदे घरात, कुणाला लागतील." पौर्णिमाने जन्मात पहिल्यांदा सासूचं ऐकलं नाही.

लग्नाला ती एसटीतून उतरली ती मोरी न शोधता. पहिल्या रांगेत ऐसपैस बसली. इतकं सुख तिला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

एवढ्यात मावशी धोंडीबाई तिच्या कानाशी लागली आणि तिला मांडवामागे घेऊन गेली. तिलाही तसंच होत होतं, सुईचं नाव हवं होतं. पौर्णिमाने लघवी तपासून घ्यायला सांगितलं आणि वळली, तर मागे गंगीआत्या, तिच्यामागे चुलतबहीण जनी. येसूबाईने सुनेच्या सुईची कीर्ती अख्ख्या मांडवात पोचवली होती. डॉक्टरला दाखवा, औषध पुरं करा, गोळ्या वाटू नका, हेच सांगून सांगून पौर्णिमाचा घसा सुकला.

"ते समदं खरं गो," जनी म्हणाली, "पण तुझ्या एकदोन सुया उरल्या असतील ना?"

"नाय उरल्या. संपवल्या."

"एकबी नाय?" जनीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई दारी आलेल्याला पाणीही न पाजणारी.

तेवढ्यात मांडवातून लग्न लागल्याचं "साधू, साधू, साधू" ऐकू आलं. पौर्णिमा धावली. हार घालून झाले होते, लोक जेवणाकडे वळले होते. स्टेजवरून रूपेश खाली आला.

"तुझी खुर्ची रिकामी दिसली, ताई. मोरीवर गेलती ना? लय तरास होतोय का गो?"

"नाय रे, बरी हाय मी," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं, मोरीवर गेले असते तर लवकर परत तरी आले असते.