फ्राउ हेगेलेंची कण्हेर

जर्मन थंडीत कण्हेर कशी जगवायची, हे मला कुणी शिकवायला नको! वरच्या मजल्यावरच्या फ्राउ हेगेलेंना मी छातीठोकपणे तसं सांगितलंही. त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन होतं. कण्हेर त्यांच्या एर्विनने इटलीहून फांदी आणून वाढवलेली, आणि आता एर्विनही नव्हता.

"हिला काही झालं तर मी पुन्हा विधवा झाले असं समजेन," त्या म्हणाल्या.

आम्ही ती अवजड कुंडी बाल्कनीतून काढून जिन्याच्या खिडकीपाशी ठेवली. तिथे उजेड भरपूर, ऊब बेताची. महिन्याला एक पेला पाणी, बस्स. मी तारीख बघून घालत होतो.

फ्राउ हेगेलेंची जखम चिघळली, हॉस्पिटलातल्या तीन आठवड्यांचे अकरा झाले. इकडे कण्हेर पिवळी पडली. मी घाबरून आणखी एक पेला घातला. पानं गळाली. मी आणखी दोन घातले.

मग एका शनिवारी खालच्या मजल्यावरचे हेर राप झारी घेऊन कुंडीपाशी सापडले. मी जाब विचारला.

"या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी आहे, क्नोडलर," ते शांतपणे म्हणाले. "जिन्यात जे असेल ते माझ्याकडे."

चौकशी केली, तर फ्राउ ओटिंगर आपल्या पाळीत रोज कोमट पाणी घालत होत्या. माळ्यावरची विद्यार्थिनी खतसुद्धा. चार घरं, चार पाळ्या, एकही दिवस खाडा नाही. बिचारीची मुळं कुजून गेली होती.

फ्राउ हेगेले कुबडी टेकत परतल्या तेव्हा आम्ही चौघं जिन्यात माना खाली घालून उभे होतो. मी सगळं सांगून टाकलं. शेंड्याकडची एकुलती हिरवी फांदी त्यांनी मोडून घेतली आणि माझ्याकडे पेलाभर पाणी मागितलं.

"पाण्यात मुळं धरते ही," त्या म्हणाल्या. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

मग त्या आमच्याकडे एकेक करून बघू लागल्या. "म्हणजे हिच्याकडे रोज कोणी ना कोणी येत होतं. मी अकरा आठवडे दाराकडे बघत पडले होते. बसने दहा मिनिटं लागतात."

हेर राप खिडकीबाहेर पाहू लागले. मीही पाहू लागलो. काय सांगणार, भेटायला जायची पाळी कुणाची, हे आमच्यात ठरलंच नव्हतं.